डोळे मिटून दूध पिणारे मांजर



मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजते, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा आपण ती दुसऱ्याच्या बाबतीत वापरतो, स्वतःच्या बाबतीत क्वचितच. या म्हणीत एक बारकावा आहे. मांजर कोणाशी खोटे बोलत नाही. भांड्यात दूध नाही, असे ते म्हणत नाही. ते फक्त डोळे मिटून घेते. माणूस स्वतःची फसवणूक करतो तेव्हा तोही बहुधा एवढेच करतो.

दुसऱ्याला फसवणे कसे घडते, हे समजायला सोपे आहे. एकाला खरे ठाऊक असते, दुसऱ्याला नसते. पण फसवणारा आणि फसणारा एकच असेल तर? जे आपल्याला ठाऊक आहे ते आपणच आपल्यापासून कसे लपवू शकतो? तत्त्वज्ञानात या प्रश्नावर पुष्कळ खल झाला आहे.

परंतु हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. धर्मग्रामात घरोघरी फिरताना तो आम्हांला वारंवार भेटतो. एकाच अंगणात राहून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे भाऊ, एकाच छपराखाली मुक्याने जेवणारे पती-पत्नी, कचेरीत शेजारच्या टेबलावर बसून केवळ कागदांवाटे बोलणारे सहकारी. यांपैकी प्रत्येकाशी वेगवेगळे बोलावे, तर प्रत्येक जण मनापासून सांगतो की चूक समोरच्याची आहे. ही माणसे खोटारडी नसतात. जे सांगतात त्यावर त्यांचा खरोखर विश्वास असतो. अडचण नेमकी तिथेच आहे. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते. परतायची वाट त्याला माहीत असते. स्वतःला फसवणाऱ्याची ती वाटच हरवलेली असते.

राजा रागावला, पण कोणावर?

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील अकरावा आणि बारावा अध्याय आपण पुन्हा एकदा सावकाश वाचावेत. सैन्य रब्बा नगराला वेढा घालून बसले होते आणि दावीद राजा यरुशलेमात होता. उरिया नावाच्या सैनिकाच्या पत्नीवर, बथशेबेवर, त्याची नजर गेली. ती गरोदर राहिली. ते झाकण्यासाठी राजाने उरियाला रणांगणावरून बोलावून घेतले आणि घरी जाऊन विश्रांती घेण्यास सांगितले. आपले सोबती उघड्यावर असताना आपण घरी कसे जावे, म्हणून तो इमानी माणूस राजवाड्याच्या दाराशीच झोपला. शेवटी राजाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले. त्यात उरियाच्या मरणाची तजवीज होती, आणि ते पत्र राजाने उरियाच्याच हाती धाडले. उरिया पडल्याची बातमी आली, तेव्हा राजाचा निरोप गेला की लढाई म्हटली की माणसे मरायचीच, यवाबाने मनाला लावून घेऊ नये. हा निरोप यवाबाच्या समाधानासाठी होता की स्वतःच्या?

नाथान संदेष्टा राजाकडे आला तोवर बथशेबेला मूल झाले होते. म्हणजे मधे बरेच महिने लोटले होते. नाथानाने आरोप केला नाही, एक गोष्ट सांगितली. गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. गरिबापाशी एकच मेंढी, लेकीसारखी वाढवलेली. श्रीमंताकडे पाहुणा आला, आणि स्वतःचे कळप सोडून त्याने गरिबाची ती मेंढी कापली. दावीद संतापला. असा माणूस मरणास पात्र आहे, आणि त्याने चौपट भरपाई दिलीच पाहिजे, असा निकाल त्याने जागच्या जागी दिला. तो श्रीमंत म्हणजे स्वतः राजाच, हे मग नाथानाने त्याच्या तोंडावर सांगितले.

इथे थोडे थांबू या. दाविदाची सदसद्विवेकबुद्धी मेली होती काय? मुळीच नाही. एका गरिबाची मेंढी गेली म्हणून तो पेटून उठला. चौपट भरपाईचा मोशेचा नियम त्याच्या जिभेवर होता. त्याची नजर शाबूत होती, तीक्ष्ण होती; फक्त ती सगळी बाहेर वळलेली होती. आत्मवंचना माणसाची न्यायबुद्धी नष्ट करीत नाही, ती तिचे तोंड फिरवते. जो निवाडा स्वतःवर करायचा, तो आपण आजूबाजूच्यांवर करीत सुटतो, आणि तोही व्याजासकट. म्हणून आपण स्वतःशी केलेल्या खोटेपणाची किंमत आपल्यापेक्षा आपल्या जवळच्या माणसांना अधिक मोजावी लागते. आज एवढी एकच गोष्ट आपल्याला ध्यानात घ्यायची आहे.

अँग्लिकन धर्मपंडित जोसेफ बटलर यांची लंडनच्या रोल्स चॅपेलमधील पंधरा प्रवचने १७२६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील दहावे प्रवचन आत्मवंचनेवर आहे आणि त्यासाठी त्यांनी दावीद-नाथान यांचाच प्रसंग घेतला आहे. बटलर यांचे एक निरीक्षण फार उपयोगी आहे. ज्या पापांची सीमारेषा स्पष्ट असते, तिथे स्वतःला फसवणे अवघड असते. चोरी केली की केली. परंतु दुर्लक्ष, कठोरपणा, दुसऱ्याची पिळवणूक यांना ठळक कुंपण नसते. कुठपर्यंत शिस्त आणि कुठून जाच, कुठपर्यंत थकवा आणि कुठून हयगय, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. घर आणि कामाची जागा इथल्या बहुतेक चुका अशाच बिनकुंपणाच्या असतात. म्हणून तिथेच आपण सर्वांत जास्त फसतो.

घरातील हिशेब

समजा, एका घरात आई अंथरुणाला खिळली आहे. थोरला भाऊ आणि वहिनी तिचे सगळे करतात. धाकटा लग्नानंतर दोन स्टेशने पलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेला आहे. रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडताना त्याच्या मनात येते, आज आईकडे जाऊन यावे, दुपारभर बसावे, वहिनीलाही जरा मोकळीक मिळेल. हा विचार कोणी लादलेला नाही. तो त्याचा स्वतःचा आहे. पण आठवडाभर विरार लोकलच्या गर्दीत अंग आंबलेले असते. घरी मासळी आणलेली असते. तो जात नाही.

इथपर्यंत फार काही बिघडलेले नाही. थकलेला माणूस एखाद्या रविवारी गेला नाही म्हणून देव कोपत नाही. त्याने मनाशी एवढेच म्हणावे, 'जायला हवे होते, गेलो नाही.' हे वाक्य छोटे आहे, पण गिळायला जड आहे. म्हणून तो दुसरे वाक्य शोधतो. 'गेलो तरी वहिनीचे तोंड पाहावे लागते.' हेही अगदीच खोटे नसते. मागे एकदा वहिनी खरोखर तुटकपणे बोललेली असते. पण सकाळी जाण्याचा विचार आला, तेव्हा वहिनीचे तोंड त्याला आठवले नव्हते. न जाण्याचे ठरल्यावर ते आठवले. चूक आधी झाली, कारण मागाहून आले, आणि मनाने हिशेब लिहिताना कारण वरच्या ओळीत घातले.

आता वहिनी वाईट असणे ही धाकट्याची गरज होऊन बसते. ती चांगली निघाली तर तो उघडा पडेल. पुढच्या भेटीत तो तिच्याकडे माणूस म्हणून पाहतच नाही, पुरावा म्हणून पाहतो. चहा उशिरा आला, हा पुरावा. तिने सूनबाईविषयी विचारले नाही, हाही पुरावा. तिलाही हे पाहणे जाणवते. दिवसभर सासूचे हगणे-मुतणे काढलेल्या बाईला पाहुण्यासारखा येऊन नाक मुरडणारा दीर कसा सोसवेल? ती खरोखर तुटक बोलते, आणि धाकटा समाधानाने परततो: 'पाहा, मी म्हटलेच होते.'

थोरलाही यातून सुटलेला नसतो. 'सगळे मलाच करावे लागते,' हे त्याचे वाक्य. ते खरेही असते. परंतु धाकटा एकदा म्हणतो, "दादा, दोन महिने आई आमच्याकडे राहू दे." थोरला झटकन उत्तरतो, "तुम्हांला जमायचे नाही." ओझे वाटून दिले, तर एकट्याने वाहिल्याचा मानही वाटला जाणार, हे त्याच्या मनाने न बोलता हेरलेले असते. अशा रीतीने दोघे भाऊ एकमेकांची चूक जपून ठेवतात, कारण ती दोघांच्याही उपयोगाची असते. आईला दोन्ही मुलगे हवे असतात. तिच्या वाट्याला दोघांची फक्त आपापली बाजू येते.

इथे एक फरक करायला हवा. आपला प्रत्येक चुकीचा अंदाज म्हणजे आत्मवंचना नव्हे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातील निरनिराळ्या कामांत आपला वाटा किती, हे त्यांनी पती आणि पत्नी यांना वेगवेगळे विचारले. बहुतेक कामांच्या बाबतीत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. विशेष म्हणजे भांडणाला कारण होणे यासारख्या नकोशा गोष्टींतही लोकांनी आपला वाटा वाढवूनच सांगितला. म्हणजे हा सगळा आपमतलबीपणा नव्हता. आपण केलेले आपल्याला आठवते. दुसऱ्याने केलेले पुष्कळदा आपण पाहिलेलेच नसते. ही साधी नजरचूक आहे.

मग नजरचूक आणि आत्मवंचना यांतला फरक कसा ओळखावा? कोणी दाखवून दिल्यावर आपण काय करतो, यावरून. बाजारात दुकानदार म्हणाला, 'तुम्ही दहा रुपये कमी दिलेत,' तर आपण पुन्हा मोजतो आणि देऊन टाकतो. ती नजरचूक. पण पत्नीने म्हटले, 'मुलाशी तुम्ही हल्ली फार तोडून बोलता,' आणि आपण एकदम उसळलो, तिच्या माहेरापर्यंत गेलो, तर समजावे की तिने मिटलेल्या डोळ्यांच्या पापणीला हात लावला आहे.

कामाच्या ठिकाणी

कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या बांधवांना पुढचा प्रसंग परका वाटणार नाही. पॉवर प्रेसवर हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. ती जाळी ढिली झाल्याचे एका फोरमनने पाहिले. त्याच्या मनात आले, मशीन बंद करून आधी हे दुरुस्त करू. पण माल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. त्याने मशीन थांबवले नाही. तिसऱ्या दिवशी एका पोराचे बोट गेले. कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा. फोरमन वाईट माणूस नव्हता. पोराला दवाखान्यात त्यानेच नेले. पण त्या दिवसापासून त्याला सगळीच पोरे बेफिकीर दिसू लागली. कामाकडे लक्ष नाही, कानात गाणी, शिकायची हौस नाही. आधी ज्यांना तो प्रेमाने काम शिकवायचा, त्यांच्यावर तो खेकसू लागला. एका ढिल्या जाळीचा विचार मनात येऊ नये म्हणून त्याला एक अख्खी पिढी बिघडलेली ठरवावी लागली.

कचेरीतही हेच चालते. हाताखालच्या मुलीला आपण एखादी सूचना द्यायला विसरतो, काम फसते, आणि साहेबांपुढे 'हल्लीच्या मुलींना समजच नाही' हे वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघते. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण सर्वांना पाठ आहे. परंतु अंगण वाकडे ठरवले की त्या अंगणात राहणाऱ्यांचे काय होते, हा विचार आपण करीत नाही.

न विचारलेला प्रश्न

आता आपण सुरुवातीच्या कोड्याकडे परत येऊ. फसवणारा आणि फसणारा एकच कसा? संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात अज्ञानाचे प्रकार सांगितले आहेत. एक अज्ञान असे असते की ते दूर करणे माणसाच्या हाती नसते; त्याचा दोष लागत नाही. दुसरे अज्ञान माणसाने स्वतःच पसंत केलेले असते. कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून कळूच नये अशी त्याची इच्छा असते. हे अज्ञान दोषातून सोडवत नाही, कारण ते स्वतःच एक निवड असते.

कोड्याचे उत्तर इथे आहे. स्वतःला फसवण्यासाठी स्वतःला खोटे सांगावे लागत नाही. एक प्रश्न विचारायचे टाळले की पुरते. उधारी वाढत चालली की दुकानदार वही उघडतच नाही. त्यात किती आकडा निघेल याचा अदमास असतो, म्हणूनच तो उघडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्याच्या सोळाव्या परिच्छेदात बजावले आहे की सत्याची आणि चांगुलपणाची पर्वा केली नाही, तर पापाच्या सवयीने सदसद्विवेकबुद्धी हळूहळू आंधळी होत जाते. 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. एका रविवारी कोणी आंधळा होत नाही.

हे लिहिताना आम्ही स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला होतो. मिस्सेनंतर एक तरुण भेटला आणि म्हणाला, "फादर, बाबा तुमची आठवण काढतात. एकदा येऊन जा." आम्ही 'येतो' म्हटले. त्या गुरुवारी संध्याकाळी वेळ होता. मोटारसायकलची किल्लीही हातात घेतली होती. मग कंटाळा आला आणि किल्ली परत खिळ्याला अडकवली. त्यानंतर मनाने आपले काम सुरू केले. फार आजारी असते तर पुन्हा निरोप आला असता. आणि हे कुटुंब तरी रविवारी कुठे वेळेवर येते?

आठ दिवसांनी पहाटे म्हातारबाबा गेले. शेवटचा तैलाभ्यंग त्यांना मिळाला नाही. मुलगा अंत्यविधीची वेळ ठरवायला आला, तेव्हा आम्ही त्यालाच फटकारले. एवढी तब्येत बिघडली होती तर वेळेवर कळवायला नको होते का? तो मान खाली घालून म्हणाला, "चुकले, फादर." आपला बाप गमावलेल्या मुलाने आमच्या चुकीची क्षमा मागितली, आणि आम्ही ती मागू दिली. त्या क्षणी आमचा राग अगदी खरा होता. दाविदाचाही खराच होता.

पुढे त्यांच्या घरी जाऊन जे घडले ते आम्ही सांगितले. मुलगा रागावला नाही. एवढेच म्हणाला की त्या आठवड्यात बाबा रोज संध्याकाळी धुतलेला सदरा घालून बसत. हे ऐकायला आम्हांला जड गेले. पण त्याच दिवसापासून ते घर आम्हांला 'उशिरा येणारे कुटुंब' वाटेनासे झाले.

दहा हजार मोहरा आणि एक सही

संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेला पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली मान्यता दिली. तिच्यात तीन प्रकारच्या माणसांवर एक चिंतन आहे. प्रत्येकाला दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याच्या मोहरा, मिळाल्या आहेत. त्या अगदी निर्मळ हेतूने आलेल्या नाहीत, त्यामुळे मनाला टोचणी आहे. पहिला म्हणतो, या ओढीतून सुटायचे आहे. पण मरेपर्यंत काहीच करीत नाही. दुसऱ्याला टोचणी नको असते, पण मोहरा हव्या असतात. देवानेच आपल्या इच्छेशी जुळवून घ्यावे, अशी त्याची अपेक्षा असते. तिसरा दोन्हींला तयार असतो. देव म्हणेल तर ठेवीन, म्हणेल तर सोडीन.

मोहरांच्या जागी आपण जमीन ठेवून पाहू. वडिलोपार्जित वाडीला भाव आला की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, आईवडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. बहिणीने सर्व समजून, मनापासून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण 'तिने खुशीने सही केली' असे आपण म्हणतो, तेव्हा तिला एकटीला बसवून कधी विचारले होते काय? सही न करणाऱ्या बहिणीला माहेर राहते काय? पहिला भाऊ म्हणतो, 'पुढेमागे तिला काही तरी देऊच.' दुसरा सणाला साडी देतो आणि घरात शांती नांदावी म्हणून नोव्हेना करतो. तिसरा कागद आणि पेन बाजूला ठेवून म्हणतो, 'ताई, यात तुझे किती आहे ते आधी तुला सांगतो, मग तू काय ते ठरव.' आपण यांपैकी कोण, हे ज्याचे त्याने पाहावे. एक खूण मात्र सांगता येईल. फसवलेली बहीण आपल्याला नेहमी लोभी वाटू लागते.

एक सावधगिरी

या विचाराचा उलटा उपयोग होऊ नये. नवरा दारू पिऊन मारत असेल, तर 'माझेच काही चुकत असेल' म्हणून त्या बाईने स्वतःला पोखरत बसावे, असे कोणी सांगू नये. तिला दिसणारा दोष खरा आहे. तिथे आत्मवंचना 'मी कधी तरीच घेतो' म्हणणाऱ्या नवऱ्याची आहे, आणि 'संसार म्हटला की सोसावेच लागते' म्हणून तिला परत पाठवणाऱ्या आपणा सर्वांची आहे. अन्यायाला अन्याय म्हणणे हे डोळे उघडे असल्याचेच लक्षण आहे.

दुसरेही एक सांगायला हवे. हे पान वाचताना, 'हे आमच्या दादाने वाचायला हवे', 'हे सासूबाईंना दाखवते', असे मनात आले असेल, तर आपण पुन्हा राजासारखे बाहेरच पाहत आहोत. कुसळ आणि मुसळ यांची म्हण आपल्या मराठीत आहे, आणि डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूनेही तेच सांगितले. आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढायचे. दुसऱ्याचे कुसळ काढायला मनाई नाही, पण क्रम ठरलेला आहे.

घरातला नाथान

आपल्या पाठीमागे काय आहे हे आपल्याला दिसत नाही, त्यासाठी दुसरा लागतो. संत ऑगस्टीन यांना ३८६ साली मिलान येथे हाच अनुभव आला. भेटीस आलेल्या एका देशबंधूने सर्व सोडून देवाकडे वळलेल्या इतर माणसांची हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता ऑगस्टीन यांना स्वतःचे खरे रूप दिसू लागले. इतकी वर्षे आपण स्वतःला आपल्याच पाठीमागे लपवले होते, हे त्यांना उमगले. दाविदाप्रमाणे इथेही देव दुसऱ्याच्या गोष्टीतून आत आला. दुसऱ्याचे आपल्याला स्पष्ट दिसते, हा आपला दोष देव आपल्या औषधासाठी वापरतो.

म्हणून प्रत्येकाने आपल्या घरात एक नाथान राखावा. पत्नी, मोठी मुलगी, जुना मित्र, कोणीही. त्याला बोलण्याची मुभा द्यावी, आणि तो बोलला की त्या दिवसापुरते उत्तर देऊ नये. दुसरे, रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे आत्मपरीक्षण करावे. संत इग्नेशियस यांनी ते उपकारस्मरणाने सुरू करायला सांगितले आहे. ज्यांच्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत, त्यांना वाईट ठरवणे मनाला सहज जमत नाही. मग स्वतःला विचारावे:

आज कोणावर आपल्याला प्रमाणाबाहेर राग आला? त्या माणसासाठी आपण करायला हवे असे काही राहून गेले आहे काय?

'नेहमी', 'कधीच', 'हे लोक' असे शब्द आज कोणाबद्दल वापरले?

आपली वाडी शिंपणाऱ्या आदिवासी बाईची मजुरी आपण शेवटची कधी वाढवली? 'तिला तेवढे पुरते' हे आपल्याला कोणी सांगितले?

कोणता प्रश्न विचारायचे आपण टाळत आहोत?

आणि तिसरे, प्रायश्चित्त संस्कार. इथे एक अनुभव सांगावासा वाटतो. पापनिवेदनाला आलेली माणसे पुष्कळदा जावेची, शेजाऱ्याची, साहेबाची पापे तपशिलवार सांगतात आणि आपले पाप शेवटी एका वाक्यात उरकतात. नाथान बोलल्यावर दाविदाने काय केले पाहा. बथशेबा, यवाब, युद्ध, कोणाकडेही त्याने बोट दाखवले नाही. आपण प्रभूविरुद्ध पाप केले, एवढेच तो म्हणाला. त्या एका वाक्याने उरिया परत आला नाही, आणि पापाचे परिणाम दाविदाच्या घराला पुढे भोगावे लागलेच. परंतु राजाचे डोळे उघडले, आणि उघड्या डोळ्यांच्या माणसाबरोबरच देवाला पुढे काही करता येते.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात दावीद आणि बथशेबा यांच्या मुलांची नावे दिली आहेत. त्यांत एकाचे नाव नाथान आहे. ज्या नावाच्या माणसाने राजाचे पाप त्याच्या पदरात घातले, तेच नाव त्या घरात रोज हाकारले जात होते. आणि संत लूक यांच्या शुभवर्तमानातील वंशावळ याच मुलाच्या, नाथानाच्या, वंशातून आपल्या प्रभू येशूपर्यंत येते.

येत्या शनिवारी सायंकाळच्या मिस्सेपूर्वी आम्ही पापनिवेदनासाठी चर्चमध्ये बसलेले असू. त्याआधी आम्हांलाही आमचे पाप दुसऱ्या धर्मगुरूंपुढे सांगायचे आहे. आपण एकमेकांसाठी प्रार्थना करू या.

हे प्रभो, आमच्या मिटलेल्या डोळ्यांना तुझ्या बोटांचा स्पर्श होऊ दे. ज्यांना आम्ही आमच्या सोयीसाठी वाईट ठरवले आहे, त्यांचे खरे चेहरे आम्हांला दाखव. आमच्या घरी नाथान पाठव, आणि तो आला म्हणजे त्याला दारातून परत न पाठवण्याचे बळ दे. आमेन.

आपले धर्मगुरू